मात्रा चुकलेला हात

कथेतील पात्राच्या हातून पेला निसटला, की वर्गात आम्ही हटकून विचारतो, 'यातून काय सूचित होते?' भय, अपराधभाव, व्यसनाधीनता अशी उत्तरे येतात आणि आम्ही ती मान्य करतो. शरीर हे मनाचे चिन्ह असते, हे गृहीतक आमच्या अध्यापनात इतके मुरले आहे, की त्याच्या मर्यादांचे भान आम्हांस क्वचितच राहते.

'डिस्मेट्रिया' हा विकार ते भान देतो. पक्षाघात, मल्टिपल स्क्लेरोसिस किंवा दुखापत यांमुळे लहान मेंदूला इजा झाली, तर हालचालीच्या पल्ल्यावरील ताबा सुटू शकतो. पेल्याकडे नेलेला हात पेला ओलांडून जातो किंवा अलीकडेच थांबतो. मग हेलकावे घेत चूक सुधारू पाहतो. पहिल्या महायुद्धात लहान मेंदूला गोळी लागलेल्या सैनिकांची तपासणी करून गॉर्डन होम्स या ब्रिटिश चेतातज्ज्ञाने १९१७ साली अशा लक्षणांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. येथे हेतू शाबूत असतो. बिघडते ते माप.

या संज्ञेतील ग्रीक 'मेट्रॉन' म्हणजे माप. छंदशास्त्रातील 'मीटर' हा शब्दही त्यातूनच आला. कवितेत एखादी मात्रा अधिक-उणी झाली, तर चरण अडखळतो. पण त्यावरून कवीच्या चारित्र्याविषयी आपण निष्कर्ष काढत नाही. रस्त्यात झोकांड्या खाणाऱ्या माणसाला मात्र 'प्यायलेला दिसतो' म्हणून मोकळे होतो. दिसणारे साम्य खोटे नसते, कारण मद्याचा परिणाम लहान मेंदूवरही होतो. खोटा असतो तो आपण घाईने लावलेला अर्थ.

चिन्हांचे वाचन सोडून द्यावे, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. कथेतील हातामागे लेखकाची योजना असते, म्हणून त्याचा अर्थ लावणे रास्तच. जिवंत माणसाच्या हातामागे अशी योजना गृहीत धरता येत नाही. हा भेद आम्ही वर्गात शिकवत नाही, हा आमचा दोष आहे.

त्याची झळ आमच्याच टेबलापर्यंत पोहोचते. लहान मेंदूच्या विकारात अक्षर मोठे, वेडेवाकडे होते, ओळ सोडून भरकटते. अशी उत्तरपत्रिका समोर आली असता 'निष्काळजी लेखन' असा शेरा मारण्यापूर्वी लाल पेन क्षणभर थांबवावे. ते थांबवणे आपल्या हातात आहे. लिहिणाऱ्याला कदाचित तेवढेही शक्य नसेल.