बाळाच्या तोंडातील फोड

इंदूरला स्थायिक झालेल्या एका वाचक भगिनीचे पत्र आमच्या हाती आले आहे. त्यांच्या तीन वर्षांच्या नातवास दोन दिवस ताप आला. मागोमाग तोंडात फोड आले आणि तळहातांवर, तळपायांवर व कुल्ल्यांवर पुरळ उठले. शेजारणीने ‘माता आली’ म्हणताच घरातील फोडणी व मुलाची आंघोळ दोन्ही बंद झाली. पुढे डॉक्टरांनी ‘हँड फूट माउथ’ असे नाव सांगितले, तेव्हा दुसरीच धास्ती पडली. गावाकडील गोठ्यातली लाळ्या-खुरकूत तर मुलास लागली नसेल?

प्रथम गाईवरचे किटाळ दूर करू. लाळ्या-खुरकूत हा गुरांचा रोग असून त्याचा विषाणू अगदी निराळा. मुलांचे हे दुखणे बहुधा कॉक्सॅकी नावाच्या विषाणूंमुळे होते. 2022 साली केरळात ‘टोमॅटो फ्लू’चा गवगवा झाला. तेथून इंग्लंडास परतलेल्या दोन मुलांची तपासणी झाली, तेव्हा हाच विषाणू निघाला.

इंदूर 2017 पासून स्वच्छ सर्वेक्षणात सतत अग्रभागी. अशा शहरी हा रोग कसा, असे भगिनी विचारतात. रस्ते झाडून तो टळत नाही. लाळ, शेंबूड, फोडांतील पाणी आणि विष्ठा यांतून तो पसरतो. फोड सुकल्यावरही विष्ठेतून काही आठवडे विषाणू जात राहतात. आजीने शी धुतल्यावर साबणाने हात धुतले की नाही, यावर पाळण्यातील धाकट्याचे पुष्कळसे अवलंबून असते. येथे सॅनिटायझर साबणपाण्याची बरोबरी करीत नाही.

रोग बहुधा सात ते दहा दिवसांत आपोआप ओसरतो. अँटिबायोटिकचा उपयोग नाही. ॲस्पिरिन तर मुलास मुळीच देऊ नये. आंघोळ खुशाल घालावी. आम्हांस काळजी वाटते ती पुरळाची नव्हे, तहानेची. तोंड झोंबते म्हणून मूल पाणी नाकारते आणि घरची माणसे पुरळच पाहत बसतात. गार पाणी, थंड दूध, मऊ निवलेला भात चमच्याचमच्याने भरवावा, आंबट-तिखट टाळावे. (फोडणी बंद झाली, हे त्या दृष्टीने बरेच झाले!) सहा-आठ तास लघवी झाली नाही, रडताना डोळ्यांत पाणी येईना, ताप तीन दिवसांत उतरेना, मूल झोपेत वारंवार दचकू लागले किंवा चालताना लटपटू लागले, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

एक सांगावयाचे राहिले. काही मुलांची नखे महिन्या-दीड महिन्याने गळतात. घाबरू नये, नवी येतात.