घर आणि आरोग्य : वहीत दडलेली चिठ्ठी



गोव्याच्या उत्तर टोकाला, शापोरा आणि तेरेखोल ह्या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात पेडणे तालुका आहे, आणि त्या तालुक्यात पार्से नावाचे गाव आहे. आमच्या पुष्कळ वाचकांनी ते पाहिलेले नसेल. माडांच्या राया, काजूच्या बागा, पावसाळ्यात हिरवीगार होणारी शेते आणि आपापल्या कामात गढलेली माणसे, असे ते गाव. तेथील एका ओळखीच्या घरी गेल्या महिन्यात रविवारच्या मिस्सेनंतर आम्हांस जेवणाचे निमंत्रण होते. जेवणे आटोपली. घरची धाकटी मुलगी म्हापशाच्या बाजूच्या एका महाविद्यालयात वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आम्ही थोडेफार लिहितो हे ऐकून तिने आपला एक निबंध दाखवावयास आणला. वही उघडताच तीतून घडी घातलेली एक चिठ्ठी खाली पडली.

चिठ्ठीवर तिचे नाव होते, तारीख होती आणि एक आकडा होता : हिमोग्लोबिन ८.९.

मुलीने ती चटकन उचलली. परंतु आमच्या दृष्टीस आकडा पडला होता. आई आत भांडी आवरीत होती. आम्ही हलकेच विचारले तेव्हा कळले की, महाविद्यालयात आरोग्यविषयक कार्यशाळा झाली, तीत मुलींचे रक्त तपासले, आणि ज्यांचे प्रमाण कमी निघाले त्यांस चिठ्ठी देऊन आरोग्य केंद्रात जाण्यास सांगितले. ह्या गोष्टीला दोन महिने होऊन गेले होते. घरी तिने कोणालाच सांगितले नव्हते. का? तर आजी म्हणेल, “रात्री मोबाइल बघत जागतेस, म्हणून दमतेस.” बाबा म्हणतील, परीक्षेच्या तोंडावर हे काय नवे काढले? शिवाय उद्या लग्नाच्या बोलण्यात कोणी ‘मुलगी आजारी असते’ असे म्हणू नये, ही भीतीही होतीच. एकोणीस वर्षांच्या मुलीने एवढा सगळा विचार एकटीने केला होता, आणि चिठ्ठी वहीत ठेवून दिली होती.

आम्ही त्या दिवसापासून ह्या कार्यशाळांविषयीच विचार करीत आहोत.

आपल्या तरुणपणी असे काही नव्हते, असे म्हणणारे वडीलधारे भेटतात. ते सर्वस्वी खरे नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली, आणि तेव्हापासून महाविद्यालयांतील मुले खेड्यांत शिबिरे भरवून स्वच्छतेचे व आरोग्याचे धडे गिरवीत आली आहेत. फरक एवढाच की, त्या काळी पेडण्याच्या मुलामुलींपैकी महाविद्यालयापर्यंत पोहोचणारी थोडी, आणि त्यांनाही नदी ओलांडून दूर जावे लागे. आता तालुक्यातच, विर्नोडा येथे, संत सोहिरोबानाथ आंबिये ह्यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय आहे. ज्या घरातून पूर्वी कोणी पदवी पाहिली नव्हती, त्या घरातून आज तीन तीन मुले शिकत आहेत. त्यामुळे महाविद्यालयात सांगितलेली आरोग्याची गोष्ट आज खेड्यातल्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येऊन ठेपते. दाराच्या आत ती येते की नाही, हाच आमचा प्रश्न आहे.

कार्यशाळांचे आम्ही आंधळे भक्त नाही. आम्ही अशा काही पाहिल्या आहेत, ज्यांत समई पेटविणे, पुष्पगुच्छ देणे, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय आणि आभार ह्यांतच दोन तासांतले सव्वा तास गेले. मग डॉक्टरांनी घाईघाईने पडद्यावर चित्रे दाखविली, आणि छायाचित्र काढून मंडळी पांगली. तशा कार्यशाळेने कोणाचे आरोग्य सुधारत असेल तर ते बटाटेवडेवाल्याचे. परंतु ज्या कार्यशाळेत शंभर मुलींच्या बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब तपासला जातो, ती निराळी. तीत भाषण थोडे, पण प्रत्येकीच्या हातात तिचा स्वतःचा आकडा येतो.

आता तो आकडा काय सांगतो ते पाहू. गरोदर नसलेल्या स्त्रीच्या रक्तात, डेसिलिटरमागे, हिमोग्लोबिन निदान १२ ग्रॅम असावे. ८ ते १०.९ हा मध्यम रक्तक्षय. ८ च्या खाली गेले की तीव्र. आमच्या ह्या मुलीचा आकडा मध्यम गटातला, पण तीव्रतेच्या उंबरठ्याजवळचा. आणि ती एकटी नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी शंभरात ५९ मुलींस रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागणे, डोके जड होणे, वाचलेले ध्यानात न राहणे, उभ्या उभ्या डोळ्यांपुढे अंधारी येणे, ह्या तक्रारींना घरात आपण आळस हे नाव देतो. प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच रक्तात कमी असल्यावर मेंदूला आणि स्नायूंना तो पुरणार कोठून? मोबाइलवर सगळा दोष टाकणे सोयीचे असते, म्हणून आपण तो टाकतो.

आजीचे म्हणणे असे पडले की, आमच्या घरात खाण्यापिण्याला काही कमी नाही. ते खरेही होते. त्या दिवशी ताटात तिसऱ्यांचे सुके होते, तांबडी भाजी होती, कुळथाची पिठी होती. शापोऱ्याच्या खाडीतल्या तिसऱ्या म्हणजे लोहाचे भांडारच. मासळीतले आणि मांसातले लोह शरीराला भाजीतल्या लोहापेक्षा सहज लागू पडते. मग उणे कोठे होते? आम्ही त्या दिवशी पाहिले ते असे : प्रथम पाहुणे व पुरुष जेवले, मग आजी, आणि शेवटी आई व दोन मुली. तोवर तिसऱ्यांच्या भांड्यात शिंपा आणि रस उरला होता. मुलींनी तो रस भाताला लावला आणि वर लगेच चहा घेतला. हे कोणी दुष्टपणे करीत नाही. आमच्या स्वतःच्या घरी आमची आई असेच जेवली, आणि आम्ही पानावर बसून दुसऱ्यांदा मागून घेत होतो; तेव्हा ते आमच्या लक्षातही आले नाही.

चहाचेही एक सांगून टाकतो. चहातील कषाय द्रव्य अन्नातल्या लोहाला बांधून ठेवते, व ते शरीरात शोषले जात नाही. म्हणून जेवण आणि चहा ह्यांत निदान एक तासाचे अंतर असावे. उलट लिंबू, आवळा, पेरू, किंवा हंगामात आपल्याकडे ढिगाने पडणारे काजूचे बोंडू ह्यांतील ‘क’ जीवनसत्त्व भाजीतल्या लोहाला मदत करते. भातावर पिळलेली लिंबाची फोड ही औषधाच्या मोलाची आहे.

परंतु ८.९ वर केवळ तांबडी भाजी पुरत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. लोहाच्या गोळ्या लागतात, आणि त्या शासकीय आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. शाळा-महाविद्यालयांच्या वयातील मुलामुलींसाठी आठवड्यातून एक निळी गोळी, तीत ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक आम्ल, अशी देशाची योजना आहे. पण ती रक्तक्षय होऊ नये म्हणून. ज्याला तो झाला आहे त्याची मात्रा डॉक्टरांनी ठरवावयाची. गोळीने शौचास काळे होते, क्वचित मळमळते; त्याला भिऊन मुली चौथ्या दिवशी गोळी सोडतात. काळे होणे निरुपद्रवी आहे. सुरुवातीस जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. पोटात जंत असतील तर त्यांचा बंदोबस्त आधी करावा, नाहीतर एका हाताने भरावे आणि दुसऱ्याने सांडावे असे होते. पाळीत रक्तस्राव फार होत असेल तर तेही डॉक्टरांस सांगावे. ह्यात लाजण्यासारखे काही नाही.

त्या दिवशी पुढे काय झाले? मुलीच्या संमतीने आम्ही चिठ्ठी तिच्या आईच्या हाती दिली. आई बराच वेळ आकड्याकडे बघत राहिली. रागावली नाही. मग म्हणाली, “मला पण अशीच अंधारी येते.” दोघी पुढच्या मंगळवारी आरोग्य केंद्रात गेल्या. आईचा आकडा निघाला ७.४.

वाचकहो, महाविद्यालयाच्या कार्यशाळेत आईला कोणी बोलाविले नव्हते. ती महाविद्यालयात कधी गेलीच नाही. तिची तपासणी झाली ती वहीतल्या चिठ्ठीमुळे, आणि ती चिठ्ठी दोन महिने उशिरा बाहेर पडली तीही योगायोगाने.

रक्ताच्या आकड्याची ही गत, तर मनाच्या गोष्टीची काय असेल? हल्ली अशा कार्यशाळांत मनःस्वास्थ्याचाही तास असतो. तरुणांस त्याची गरज आहे. पेडणे झपाट्याने बदलत आहे. मोप्याचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उद्घाटित झाला, किनाऱ्यावर हॉटेले वाढली, आणि दिवसा वर्ग व रात्री पाळी असे करणारी मुले आम्हांस ठाऊक आहेत. झोप नाही, त्यात परीक्षा, त्यात घरच्यांच्या अपेक्षा.

भीती ही काही आजची नव्हे. कांदोळी येथे १७५६ मध्ये जन्मलेले आबे फारिया, ज्यांचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा आहे, त्यांच्याविषयी एक कथा सांगतात. पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करावयास ते उभे राहिले आणि त्यांची वाचाच बसली. तेव्हा त्यांच्या वडिलांनी खालून कोकणीत पुटपुटले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” त्या एका वाक्याने मुलाची जीभ सुटली. पुढे सूचनेच्या सामर्थ्यावर संमोहनशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव झाले. कथा कितपत खरी ते असो. त्या वडिलांनी मुलाला इतरांशी तोलले नाही, घराण्याच्या अब्रूची आठवणही करून दिली नाही, एवढे आम्हांस त्यात आवडते.

मनाच्या आजारावर मोठ्या शहरातला तज्ज्ञच हवा, असेही नाही. आणि हे गोव्यानेच जगाला दाखविले आहे. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ ह्या संस्थेने गोव्याच्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. तीव्र खिन्नतेच्या रुग्णांशी, नेहमीच्या उपचारांखेरीज, सहा ते आठ वेळा बसून बोलण्याचे काम मनोविकारतज्ज्ञांना नव्हे, तर शिकवून तयार केलेल्या सामान्य माणसांना दिले. तीन महिन्यांनी अशा रुग्णांपैकी शंभरात ६४ जण बरे झाले होते. ज्यांना केवळ नेहमीचे उपचार मिळाले त्यांतले ३९. हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ मध्ये छापून आले. बोलणाऱ्याचे कोणी शांतपणे, शिस्तीने ऐकून घेणे, आणि त्याला रोजच्या लहान लहान कामांत पुन्हा हळूहळू आणणे, हे त्या उपचाराचे सार होते.

आपल्या घरांत एक गोष्ट अजून दबक्या आवाजात बोलली जाते. मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येतात, असे मुलाने सांगितले की आपण ‘असले बोलू नये, पाप लागते’ म्हणून त्याचे तोंड बंद करतो. ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथात असे स्पष्ट मांडले आहे की, गंभीर मानसिक व्याधी किंवा तीव्र भय ह्यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते. देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही त्याला तीव्र ताणाखालचा समजावे, असे म्हटले आहे. तेव्हा मुलाने तसे सांगितले तर दटावू नये. जवळ बसावे, सरळ विचारावे, एकटे सोडू नये. १४४१६ ह्या क्रमांकावर शासनाची टेलिमानस सेवा रात्रंदिवस, मराठीतही, विनामूल्य मिळते. गोव्यात ‘कूज’ ही संस्था आत्महत्या रोखण्याचे काम करते. तिच्या नावाच्या इंग्रजी अक्षरांचा विस्तार ‘आमच्या आनंदाचे कारण’ असा आहे, आणि पवित्र मरियेचे हे बिरुद आपल्या लितानीत आपण नित्य म्हणतो.

पार्शाच्या त्या घरून परवा निरोप आला. मायलेकी गोळ्या घेत आहेत. आईला आणखी काही तपासण्यांसाठी मोठ्या इस्पितळात पाठविले आहे. आजीने चहाची वेळ बदलण्यास साफ नकार दिला, पण आता दोन्ही मुली तिच्याच पंक्तीला बसतात.

काजूचा हंगाम तोंडावर आहे. बागांत बोंडू वेचावयास जाणाऱ्यांसाठी पुढील अंकी माकडतापाविषयी लिहू. २०१५ मध्ये सत्तरीतील पाळी गावात आणि पुढील वर्षी दोडामार्गाकडे तो आढळला होता. तोवर बागेत मेलेले माकड दिसल्यास जवळ जाऊ नये, व आरोग्य केंद्रास कळवावे.