स्टड तुटला, चार्जशीट ड्रायव्हरला!



स्लीपर घेऊन निघालेल्या आमच्या एका डेपोच्या ट्रेलरचे मागचे चाक भर रस्त्यात निखळून शेतात गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. तिसऱ्याच दिवशी ड्रायव्हरच्या हाती एसएफ-५ पडली. आरोप काय, तर 'निष्काळजीपणे वाहन चालविले'. चाक स्टिअरिंगमुळे निखळते काय, एवढे तरी साहेबांनी सांगावे!

चौकशीत ड्रायव्हरचे मदतनीस म्हणून आम्ही बसलो आणि तुटलेले स्टड टेबलावर मांडायला लावले. दहापैकी सात स्टडचे तुटलेले तोंड बहुतेक गुळगुळीत, त्यावर शिंपल्यावर असतात तशा वक्र रेषा, आणि कडेला थोडीच जागा खरबरीत. एका धक्क्यात तुटलेल्या स्टडला अशा रेषा नसतात. हे सात फेरीमागून फेरी चिरत गेले होते. उरलेले तीन भार न पेलून शेवटी गेले.

असे का होते? नट योग्य आवळला की स्टड किंचित ताणला जातो आणि चाक हबवर दाबून धरतो. भार पेलते ते त्या दोन तोंडांमधले घर्षण. नट सैल पडला की चाक हलते आणि प्रत्येक फेऱ्याला स्टड वाकतो. मध्ये गंज किंवा रंगाचा जाड थर राहिला तर तो चालताना दबतो, नट आपोआप ढिला होतो. म्हणूनच चाक बसविल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे असतात. तपासायचे कशाने? डेपोत टॉर्क पानाच नाही! आहे तो साधा पाना आणि दोन मीटरचा पाइप.

२२ मिलिमीटरच्या स्टडला साधारण ६०० न्यूटन-मीटर लागतात (नेमका आकडा अ‍ॅक्सलच्या पुस्तकात असतो). म्हणजे एक मीटरच्या दांड्यावर साठेक किलो भार. त्या पाइपच्या टोकावर ७५ किलोचा माणूस उभा राहिला की तेच चौदाशेच्या वर जाते आणि स्टड कायमचा ताणून निकामी होतो. ठेकेदाराची पोरे समोरासमोरचे नट न आवळता हवेच्या गनने ओळीने ठोकत जातात. त्यांना आम्ही दोष देत नाही. शिकवले कोणी?

याच चाकाचा एक स्टड आधी तुटला होता. तेव्हा तेवढाच बदलला, शेजारचे दोन तसेच ठेवले. ही नोंद रजिस्टरात आहे, चार्जशीटमध्ये नाही.

चार्जशीट रद्द करा आणि प्रत्येक डेपोला टॉर्क पाना द्या, ही आमची मागणी आहे. आणि ड्रायव्हर बंधूंनो, असे घडले तर तुटलेले स्टड भंगारात जाऊ देऊ नका. पंचनाम्यात नोंदवून घ्या.