भट्टीवर जोडी नको, दोन नावे लिहा

दिवाळी सरली की तानसा खोऱ्यातली कातकरी कुटुंबे उचल घेऊन भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. मजुरी हजार विटांमागे, जोडीला. धग आणि धूर दोघांना, पण वहीत नाव नवऱ्याचेच. कामाच्या जागी सुरक्षा व आरोग्य देणारी २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. ती साधारणपणे दहा कामगारांपासून लागते. नऊ जोड्या म्हणजे अठरा माणसे. वहीत मात्र नऊ. मालक सुटला! स्थलांतरितांची कलमेही परराज्यातून आलेल्यांसाठी. आमची माणसे जिल्ह्यातच फिरतात. अशा कायद्याच्या नियमांवर हरकती मागवतात त्या राजपत्रातून. भट्टीवर राजपत्र कोण नेतो? आम्ही मागतो ते एवढेच: बाईचे नाव वेगळे लिहा, नियुक्तिपत्र तिच्याही हाती द्या. या बैठकीत तसा ठराव करून सह्यांनिशी कामगार आयुक्तांकडे धाडू या.