परदेशी सहल : निवड कुणाची?

दिवाळीची सुटी जवळ येऊ लागली की सहल कंपन्यांच्या जाहिरातींनी वर्तमानपत्रांची पाने भरून जातात. पूर्वी या जाहिरातींचा वाचक प्रामुख्याने मुंबई-पुण्यात असे. आता तो केजसारख्या तालुक्याच्या गावीही आढळतो. शिक्षकांच्या खोलीत आणि कचेरीत डबा खाताना 'कोठे जावे' यावर महिनोन्महिने खल होतो. 'तेथे जाऊन करावे काय' हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर कार्यक्रमपत्रिकेत तयारच असते : एक सायंकाळ 'सांस्कृतिक कार्यक्रमा'ची, एक सकाळ 'साहसी खेळां'ची, उरलेला वेळ खरेदीचा. देश बदलला तरी पत्रिका फारशी बदलत नाही. ज्या सहलीसाठी मध्यमवर्गीय कुटुंब वर्षानुवर्षे शिल्लक टाकते, प्रसंगी पतपेढीचे कर्ज काढते, तिच्यातील सर्वात महत्त्वाची निवड अशी परक्याच्या हाती सोपवणे हा कसला व्यवहार?

हा प्रश्न आता किरकोळ राहिलेला नाही. एके काळी परदेशी निघालेल्या माणसाला मोजकेच परकीय चलन मिळत असे. २००४ साली रिझर्व्ह बँकेने व्यक्तींना परदेशी पैसे नेण्याची उदार योजना सुरू केली आणि पुढे तिची मर्यादा वाढत गेली. २०२३-२४ या एका वर्षात या योजनेखाली देशाबाहेर गेलेल्या सुमारे ३१.७ अब्ज डॉलरपैकी १७ अब्ज डॉलर केवळ प्रवासासाठी गेले. एवढा पैसा खर्च होत असताना त्यातून पदरात काय पडते, याचा विचार होणे अगत्याचे आहे.

अर्थशास्त्रात संधी-खर्च नावाची एक साधी कल्पना आहे. एका गोष्टीसाठी जी दुसरी गोष्ट सोडावी लागते, तीच पहिलीची खरी किंमत. विमानाचे तिकीट काढले की तो पैसा गेलाच. त्यानंतर प्रवाशाच्या हाती उरतात ते मोजके दिवस. त्या दिवसांची एक सकाळ कशावर घालवली, यापेक्षा ती घालवताना काय पाहायचे राहून गेले, हा हिशेब मोठा आहे.

मॉरिशसचे उदाहरण घ्यावे. भारतीय प्रवाशाला तेथे पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही, म्हणून मराठी पर्यटकांचा तिकडे ओढा आहे. कार्यक्रमपत्रिकेत बहुधा बोटीमागे दोरीने बांधून हवेत उडणे, समुद्रतळावरची फेरी आणि हॉटेलच्या हिरवळीवर जेवणाबरोबर सेगा नृत्य एवढे असते. हवेत उडण्याचा आणि पाण्याखाली जाण्याचा आनंद मालवण-तारकर्लीलाही मिळतो. सेगा हे मुळात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे गाणे-नाचणे. त्यामागचे दुःख आणि बंड जेवणाच्या ताटाबरोबर वाढले जात नाही.

याच बेटाच्या राजधानीत, पोर्ट लुईच्या बंदरात, आप्रवासी घाट आहे. गुलामगिरी संपुष्टात येताच मळेवाल्यांना उसासाठी स्वस्त मजूर हवे होते. १८३४ पासून १९२० पर्यंत सुमारे पाच लाख हिंदी मजूर करारावर या बंदरातून आत गेले. त्यांत बिहारकडचे लोक बहुसंख्य असले, तरी मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले आणि घाटावरचे मराठी लोकही होते. बोटीतून उतरल्यावर ज्या दगडी पायऱ्या ते चढले, त्या आजही तेथे आहेत. २००६ साली युनेस्कोने या जागेला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. त्या मराठी मजुरांच्या वंशजांनी गणेशोत्सव आणि कोकणातील जाखडीशी नाते सांगणारी झाकरी जतन केली. तेथील महात्मा गांधी संस्थेत मराठी शिकवली जाते. सांस्कृतिक कार्यक्रम म्हणायचा तर याहून मोठा कोणता?

साहसाचीही तीच कथा. थरार आणि साहस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थरारात पैसे देणारा माणूस स्वस्थ असतो आणि यंत्र त्याला हलवते. साहसात त्याला स्वतःच्या पायांवर, दमावर आणि विवेकावर भिस्त ठेवावी लागते. मॉरिशसच्या नैर्ऋत्य टोकाला ल मॉर्न हा ५५६ मीटर उंचीचा कडा आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या आसऱ्याला राहत. गुलामगिरी संपल्याची बातमी घेऊन आलेल्या शिपायांना पाहून, आपल्याला धरायला आले या समजुतीने, अनेकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी तेथील लोककथा आहे. २००८ साली हा डोंगरही जागतिक वारसा ठरला. त्याच्या वाटेचा वरचा टप्पा खडा असून हातांचा आधार घेत चढावा लागतो. पाऊस पडला असेल तर जाऊ नये, स्थानिक वाटाड्या बरोबर असावा. म्हाताऱ्या माणसांनी पायथ्यापासून पाहिला तरी पुरे. अशा चढाईत अंगाला व्यायाम होतो आणि मनाला इतिहास समजतो.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, वर्षभर राबलेल्या माणसाने सुटीतही इतिहासाचा तास का भरवावा? आक्षेप रास्त आहे. मराठवाड्याच्या कोरड्या माळावरून गेलेल्या कुटुंबाने समुद्रात मनसोक्त डुंबावे. त्यात कमीपणा काही नाही. प्रश्न सहा दिवसांपैकी दोन दिवसांचा आहे. पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. ही गोष्ट याच देशात पाहायला किंवा करायला मिळते, की घराजवळही मिळेल? तिचा पैसा तेथील माणसांच्या हाती पडतो काय? आणि आपल्या प्रकृतीला ती झेपेल काय, तसेच प्रवासाच्या विम्यात ती बसते काय? साहसी खेळ अनेक विम्यांतून वगळलेले असतात. ती बारीक अक्षरे घरीच वाचलेली बरी. नजरेचा सरावही घरीच व्हायला हवा. ज्याने धारूरचा किल्ला आणि अंबाजोगाईची दासोपंतांची पासोडी पाहिलेली नाही, त्याला परदेशातील वारसा एकाएकी बोलू लागेल ही अपेक्षा फोल आहे.

केजच्या प्रवाशाला तर या निवडीचे आणखी एक कारण आहे. बीड हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा. मुकादमाकडून उचल घेऊन कोयता पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतो तो याच दिवाळीच्या सुमारास. मॉरिशसच्या करारातील मजूर आणि उचल घेतलेले जोडपे एक नव्हे, काळही एक नव्हे. पण आगाऊ रकमेने बांधलेले श्रम ही गोष्ट दोन्हीकडे ओळखीची आहे. पुढे मात्र वाटा वेगळ्या झाल्या. १९६१ च्या अहवालात जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, वाढती लोकसंख्या आणि एकट्या साखरेवर विसंबलेल्या या बेटाच्या भवितव्याबद्दल निराशाच व्यक्त केली होती. १९६८ साली स्वतंत्र झालेल्या बेटाने ती खोटी ठरवली. कापड उद्योग आणि पर्यटन आले, १९७० च्या दशकात माध्यमिक शिक्षण मोफत झाले आणि ऊस तोडणाऱ्यांच्या मुला-नातवंडांना मळ्याबाहेरची वाट मिळाली.

दिवाळीनंतर शाळा उघडते तेव्हा केज तालुक्यातील कित्येक वर्गांत काही बाके रिकामी असतात. ती मुले आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेलेली असतात. आप्रवासी घाटाच्या पायऱ्या पाहून परतलेल्या शिक्षकाने त्या बाकांचा अर्थ जाणला, आणि त्या मुलांच्या हंगामी वसतिगृहासाठी अथवा ती परत आल्यावर मागे पडलेल्या अभ्यासासाठी काही केले, तर सहलीचा खर्च वाया गेला असे कोणी म्हणणार नाही.