हॉल्ट कुठे, ते आधी बघा

आई-बाबांचं तिकीट काढताना बे एरियातले आपण बहुतेक जण एकच आकडा बघतो: एकूण तास किती? थेट विमान मिळालं तर उत्तम, नाहीतर दुबईमार्गे. मला हा हिशोबच पटत नाही.

मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को हवाई अंतर सुमारे १३,५०० किलोमीटर. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणला तर तो सायबेरिया, आर्क्टिक आणि अलास्कावरून येतो. पण विमान त्या दोऱ्यावरून उडेलच असं नाही. रशियाचं आकाश २०२२ पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना वाट बंद केली. शिवाय वारा! २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली, तेव्हा अंतर सुमारे १,४०० किलोमीटरनी वाढलं आणि वेळ जवळजवळ दोन तासांनी घटला, कारण वारा पाठीशी होता.

तेव्हा किलोमीटर राहू द्या. सत्तरीतल्या माणसाला सलग किती तास बसावं लागणार, ते विचारा. दुबईचा हॉल्ट इथेच फसवा ठरतो. मुंबई–दुबई जेमतेम तीन तास. अंग अवघडायच्या आत उतरायचं आणि पुढे दुबई–सॅन फ्रान्सिस्को पुन्हा १३,००० किलोमीटर, पंधरा-सोळा तास! सिंगापूरमार्गे तर कहरच: सिंगापूरहून इथलं अंतर मुंबईहून आहे जवळपास तेवढंच. म्हणजे हॉल्टही घेतला आणि लांबचा पल्लाही सुटला नाही.

फ्रँकफर्टमार्गे मात्र प्रवास खरोखर विभागतो. आधी साधारण ६,६०० किलोमीटर, मग ९,१००. एकूण अंतर दोन हजारांहून जास्त वाढतं, पण कुठलाच टप्पा बारा तासांच्या फारसा पुढे जात नाही. मधे तीन-चार तास पाय मोकळे होतात. ज्यांचे गुडघे दुखतात, पायांना सूज येते, त्यांना हे दोन-अडीच हजार किलोमीटर परवडतात.

"आईला इंग्रजी येत नाही, ती फ्रँकफर्टला हरवेल," हा नेहमीचा आक्षेप. तिकीट काढतानाच दोघांसाठी व्हीलचेअर मागा. मदतनीस एका गेटवरून दुसऱ्या गेटपर्यंत सोडतो. (व्हीलचेअर म्हटली की बाबा रुसतात, पण त्यांना आईच्या नावाखाली बसवता येतं.) दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे पहिलं उशिरा पोचून दुसरं चुकलं तरी पुढची सोय कंपनी बघते. आणि दीड तासाचं कनेक्शन, कितीही स्वस्त असलं तरी, घेऊ नका.

थेट विमान सरसकट वाईट असं मी म्हणत नाही. एकट्याने येणाऱ्या, विमानतळावर गोंधळून जाणाऱ्या माणसासाठी तेच बरं. फक्त तिथे खिडकीचा हट्ट नको, आईल सीट घ्या. म्हणजे उठायला शेजाऱ्याची परवानगी लागणार नाही.