भिशीच्या पलीकडे

नोएडा-गुरुग्रामच्या टोलेजंग सोसायट्यांत धुणीभांडी, स्वयंपाक करणाऱ्या बायकांची बँक त्यांच्या वस्तीतच भरते. तिकडे ती ‘कमेटी’, आपल्याकडची भिशीच. बाराजणींनी दरमहा हजार-हजार काढायचे आणि जिची चिठ्ठी निघेल तिने बारा हजार उचलायचे. तारण नाही, व्याज नाही. एखादीच्या लेकीचे बाळंतपण तोंडावर आले, तर चिठ्ठी लागलेली बाई आपला नंबर तिला देते. ही माणुसकी आहेच; शिवाय हे चोख अर्थकारणही आहे. पगाराची पावती नसलेल्या बाईला दुसरे कोण उभे करणार?

एकीवर संकट आले तर अकराजणी सावरतात. मात्र बाराहीजणींचे काम एकदम सुटले तर हप्ता कुठून यायचा? मार्च 2020च्या टाळेबंदीत नेमके तेच झाले. दिल्लीच्या आनंद विहार बस स्थानकावर उसळलेली कष्टकऱ्यांची गर्दी तेव्हा साऱ्या देशाने पाहिली.

अशा वेळी भिशीपलीकडचा, कायद्याचा आधार लागतो. घरकामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला समिती नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2025 रोजी केंद्राला सांगितले. महाराष्ट्राने कल्याण मंडळाचा कायदा 2008 मध्येच केला. अंमलबजावणीत तो तोकडा पडला, हे दुःख आहे. राजधानी परिसरात अडचण आणखी वेगळी: राहायचे दिल्लीत, राबायचे उत्तर प्रदेशात वा हरियाणात. म्हणून नोंदणी एकच, तिन्हीकडे चालणारी हवी, आणि कल्याण निधीत घरमालकांचा सक्तीचा वाटा हवा.